चकलीची हद्दपारी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी दोन चकल्या आल्या. एक डब्यातली, ती भाऊबीजेपर्यंतही पुरली नाही. दुसरी लातूरहून आली, चार पायांची, आणि तिच्यापायी आमच्या घरात जे रामायण घडले त्याला आता वर्ष होत आले, तरी त्याची टोचणी माझ्या मनातून गेलेली नाही.

या पानावर मी एरवी घरातल्या लहानसहान गोष्टींविषयी लिहीत असते. दिवाळी अंकात, करंज्या-चिरोट्यांच्या शेजारी, पोटातल्या जंतांविषयी लिहावे की न लिहावे याचा मी पुष्कळ विचार केला. वाचकांच्या हातात फराळाची बशी असणार हेही मला ठाऊक आहे. तरी लिहायचे ठरवले. कारण जंत घरोघरी असतात आणि घरोघरी ते झाकून ठेवले जातात. आणि झाकून ठेवलेल्या गोष्टीचा दंड बहुधा भलत्यालाच भरावा लागतो. आमच्याकडे तो एका मुक्या जिवाला भरावा लागला.

माझे माहेर लातूरचे आणि सासर नांदेडचे. भाऊबीजेला दादा लातूरहून येतो, तो रिकाम्या हातांनी कधी येत नाही. गेल्या साली त्याने पेढ्यांच्या खोक्याऐवजी एक बुटाचे खोके आणले आणि ते माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या मांडीवर ठेवले. आत एक तांबूस, गावठी कुत्रीचे पिल्लू होते. त्याची शेपटी अशी काही वळलेली होती की, ते उघड्या खोक्यातून बाहेर येताच पोर ओरडली, “अगं आई, चकली!” नामकरण तिथेच आटोपले.

सासूबाईंना ही भाऊबीज मुळीच पसंत पडली नाही. त्यांचे देवघर आणि सोवळेओवळे सांभाळून त्यांनी एक तह केला : कुत्र्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही आणि अंथरुणावर यायचे नाही. चकलीने पहिले कलम पाळले. दुसरे कलम तिने किती पाळले हे माझी लेक आणि ती, या दोघींनाच ठाऊक.

संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला आणि पोरीची झोप बिघडली. रात्री दोन-अडीचच्या सुमारास ती उठून बसायची, चुळबुळायची, रडायची. दिवसा वर्गात पेंगते अशी शाळेतून चिठ्ठी आली. सासूबाईंनी एका रात्रीत निदान केले. “लेकराच्या पोटात जंत झालेत. रातभर खाजवायलंय बघ. आणखी घाल तिळगूळ खायला!” मी शौचाची तपासणी करून आणली. कागदावर ‘काही आढळले नाही’ असे आले. मी सुटकेचा श्वास टाकला. सासूबाईंनी कागद बाजूला सारला. त्यांच्या डोळ्यांसमोर आरोपी होता. कमी होता तो पुरावा.

तोही लवकरच मिळाला. एके दिवशी अंगणात ऊन खात पडलेल्या चकलीच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे काहीतरी चिकटलेले त्यांना दिसले. त्यांनी मला हाक मारली. मी वाकून पाहिले. त्यातली एक कणी हलली.

झाले! पोरीला जंत आणि कुत्रीलाही जंत. पोरगी कुत्रीच्या गळ्यात गळा घालून बसणार आणि अर्धी भाकरी तिला भरवून उरलेली स्वतः खाणार. मग आणखी काय सिद्ध करायचे राहिले? वर्गात काकतालीय न्याय शिकवताना मी मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगते की, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. घरात मात्र मी कावळ्यालाच फांदी तोडल्याबद्दल शिक्षा ठोठावली. चकलीला लातूरला परत पाठवायचे ठरले.

त्याच आठवड्यात माझ्या हातून आणखी एक चूक झाली. ती सांगायला मला जास्त संकोच वाटतो. पण सांगायलाच हवी. शाळेत जंतनाशक गोळी देण्याचा दिवस होता. केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. आधी फेब्रुवारीच्या १० तारखेला आणि पुढे ऑगस्टमध्येही त्याची फेरी होऊ लागली. अंगणवाडीत आणि शाळेत, एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात; दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅमची, आणि त्यावरच्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची अख्खी. फुकट. पण आमच्या नात्यागोत्यात मोबाइलवर एक निरोप फिरत होता की, गोळीने मुलांना उलट्या होतात. मी, एम.ए. झालेल्या बाईने, बाईंना चिठ्ठी लिहिली : ‘हिला गोळी देऊ नये.’ ज्या दिवशी घरात जंतांच्या नावाने एका कुत्रीला हद्दपार करण्याचे ठरत होते, त्याच दिवशी त्यांच्यावरची गोळी मी दारातून परत पाठवली!

दादा येऊन चकलीला घेऊन गेला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई देवापुढे दिवा लावीत होत्या. आमच्या देवघरात माहूरहून आणलेली दत्ताची तसबीर आहे. माहूर आमच्याच नांदेड जिल्ह्यातले. दत्तशिखरावर जाऊन आल्याशिवाय सासूबाईंचे वर्ष सरत नाही. पोरगी तसबिरीकडे बघत होती. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे होते, ज्यांना चार वेद म्हणतात. तिने विचारले, “आजी, यांना जंत नसतात का?”

सासूबाईंनी उत्तर दिले नाही. वात मात्र जरा जास्तच वेळ सारखी केली.

चकली गेली, आणि घरात एक चमत्कारिक शांतता आली. पोरगी रडली नाही, हट्ट केला नाही. फक्त रात्री जेवताना भाकरीचा चतकोर बाजूला काढी आणि मागच्या पायरीवर ठेवी. सकाळी तो कावळे नेत. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी हे गाव आहे; नामदेवांचे म्हणून ते ओळखले जाते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट मी तिला कितीदा तरी सांगितली होती. आता ती पुन्हा सांगायची माझी छाती होईना.

घरगुती उपाय चालू होतेच. वावडिंगाचा काढा झाला, एरंडेल झाले, गूळ बंद झाला. तीन आठवडे लोटले. आणि चकली दूर लातूरला असताना पोरीची खाज जिथल्या तिथेच राहिली.

तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या वयस्क आहेत आणि बोलायला फटकळ आहेत. सगळी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “कुत्री गेली, मग जंत तिच्याबरोबर का नाही गेले?” मी गप्प. “आज रात्री लेक झोपली की दोनेक तासांनी टॉर्च घेऊन बघा. मग उद्या या.”

त्या रात्री मी टॉर्च घेऊन बसले. ती गाढ झोपल्यावर हळूच पाहिले. शौचाच्या जागेभोवती शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे पडावेत तसे तीन-चार पांढरे धागे होते, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे. उजेड पडताच ते वळवळले. आईच्या मनाची त्या वेळी काय अवस्था होते, ते लिहून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितले ते सर्व आयांनी ऐकावे असे आहे. या जंताला सूतकृमी म्हणतात. तो मोठ्या आतड्याच्या तोंडाशी राहतो. मादी रात्री, मूल झोपले की बाहेर येते आणि गुदद्वाराच्या भोवतालच्या कातडीवर हजारोंनी अंडी घालून मरते. खाज सुटते ती त्यामुळे. अंडी शौचात नसतात, कातडीवर असतात. म्हणून शौचाच्या तपासणीत बहुधा काही आढळत नाही. सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीच्या आधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर अंडी दिसतात. मूल झोपेत खाजवते, अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात. काही तासांतच ती बाधा करण्याजोगी झालेली असतात. चादरीवर, चड्डीवर, खेळण्यांवर, दाराच्या कडीवर ती दोन-तीन आठवडे तग धरतात. एका मुलाचे जंत साऱ्या घराचे होतात ते असे.

“आणि कुत्र्याकडून?” मी विचारले.

“कुत्र्याकडून मुळीच नाही. हा जंत माणसाचाच. कुत्र्यामांजराच्या पोटात तो राहत नाही. तुमच्या चकलीने तुमच्या मुलीला हा जंत दिला नाही. तुमच्यापैकीच कुणीतरी दिला असेल, किंवा शाळेतून आला असेल.”

मग त्यांनी फर्मान काढले : घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून मधल्या काळात अंड्यांतून जे नवे निघतील त्यांच्यासाठी ही दुसरी मात्रा. नुसत्या मुलाला औषध देऊन बाकीच्यांनी तोंडे फिरवली, तर महिना-दीड महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. गरोदर बायकांनी आणि अगदी तान्ह्या बाळांसाठी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही घेऊ-देऊ नये, हेही त्यांनी बजावले.

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा सासूबाई उसळल्या. “मला कशाचे जंत? मी सोवळ्यात राहणारी बाई!” पण नात आणि आजी एकाच वाकळीत झोपतात, हे त्याही नाकारू शकत नव्हत्या. थोरला चिरंजीव लाल होऊन पुस्तकात तोंड खुपसून बसला. आणि मग वर्तमानपत्राच्या आडून आमच्या ह्यांचा आवाज आला, “मलाही दोनेक महिने त्रास होतोय. म्हटलं, असेल उष्णता.”

दोन महिने! म्हणजे चकलीवर खटला चालू असताना, पुरावे गोळा होत असताना, शिक्षा होत असताना, हे गृहस्थ सहआरोपी म्हणून आमच्यातच बसून होते. आणि लाजेने बोलले नव्हते. मला हसावे की रागवावे कळेना. पण मग वाटले, यांनाच का नावे ठेवा? ताप आला तर आपण चार जणांत सांगतो, पाय मुरगळला तर कौतुकाने दाखवतो. जंत झाले हे कुणी सांगत नाही. घाणेरडेपणाचा ठपका येईल असे वाटते. वस्तुतः सूतकृमी चांगल्या स्वच्छ घरांतही येतात. जिथे मुले आहेत आणि मुलांची नखे आहेत तिथे ते आहेत. त्यांना मोठा आसरा असतो तो आपल्या लाजेचा.

त्या रविवारी आम्ही पाचही जणांनी गोळ्या घेतल्या. सर्वांची नखे कापली. पोरीला उठल्याबरोबर आंघोळ आणि धुतलेली चड्डी, असा नियम केला. चादरी झटकायच्या नाहीत, कारण झटकल्याने अंडी हवेत उडतात. तशाच गुंडाळून गरम पाण्यात टाकायच्या आणि नांदेडच्या कडक उन्हात वाळवायच्या. सूर्यप्रकाश त्या अंड्यांना मानवत नाही. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची. हे करताना माझ्या ध्यानात आले की, हे तर सारे दिवाळीच्या आधी आपण करतोच! अंथरुणे उन्हात, घर धुऊन-पुसून, पहाटे उटणे लावून स्नान. फक्त वर्षाकाठी एकदा करून भागत नाही, एवढेच.

दुसऱ्या मात्रेनंतर पोरगी रात्रभर झोपू लागली. माझी झोप मात्र उडाली. मी लातूरला दादाला फोन केला.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. दादाने चकलीला नेल्यावर आपल्या एका स्नेह्याला दाखवले होते. हे गृहस्थ पशुवैद्य आहेत. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला जे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे शिकलेले. मी फोनवर अपराधी स्वरात म्हटले, “दादा, चकलीला उगीच घालवली रे. तिला काही नव्हतं.” तो म्हणाला, “नव्हतं कसं? पुष्कळ होतं! फक्त ते तिचं होतं.” आणि त्याने फोन त्या पशुवैद्यांच्या हाती दिला.

त्यांचे बोलणे ऐकून मला कळले की, आम्ही चकलीवर एकदा नव्हे, दोनदा अन्याय केला होता. जे तिने केले नव्हते त्याबद्दल तिला घालवले. आणि जे तिला खरोखर होते त्याबद्दल तीन महिने तिला औषधाचा थेंबही दिला नव्हता.

शेपटीखालच्या त्या तांदळाच्या कण्या म्हणजे पट्टकृमीचे सुटे झालेले तुकडे. हा कृमी पिसवांतून येतो. त्याची अंडी पिसवेची अळी खाते. त्या अळीची पिसू होते. कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. लहान मुलाने चुकून अशी पिसू गिळली तर त्यालाही तो होऊ शकतो; पण हे क्वचितच घडते आणि औषधाने बरे होते. तेव्हा कुत्र्याला नुसती जंताची गोळी देऊन भागत नाही. अंगावरच्या आणि अंथरुणातल्या पिसवा गेल्या पाहिजेत. नाहीतर पुढल्या दाराने घालवलेला पाहुणा मागल्या दाराने हजर.

पण खरी काळजी करण्याजोगा तो वेगळाच : कुत्र्याचा गोलकृमी. पिल्लू बहुधा तो घेऊनच जन्माला येते. आईच्या अंगात दडून बसलेल्या अळ्या ती गाभण असताना जाग्या होतात आणि पोटातल्या पिलांत शिरतात. काही पुढे दुधातूनही जातात. म्हणून पिल्लू कितीही गोंडस, घरगुती आणि स्वच्छ असले, तरी ते दोन आठवड्यांचे झाले की त्याला पहिली मात्रा द्यायची. आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी, किंवा पशुवैद्य सांगतील तशी. मात्रा वजनावर ठरते. माणसाची गोळी अर्धी मोडून कुत्र्याला घालणे हा शहाणपणा नव्हे.

या गोलकृमीची अंडी पिल्लाच्या विष्ठेतून अंगणात पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे काढल्यावर त्यांत अळी तयार होते, आणि मग ती महिनोन्‌महिने टिकतात. मूल मातीत खेळते, हात न धुता लाडू खाते, अंडे पोटात जाते. माणसाच्या शरीरात ही अळी वाढून जंत होत नाही. वाट चुकल्यासारखी यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही जाऊन बसते. डोळ्यात गेली तर दृष्टीवर येते. म्हणूनच हा जंत मुलाच्या शौचात कधी दिसत नाही. जो दिसला त्याचा दोष आम्ही कुत्रीला दिला, आणि जो दिसणार नव्हता त्याची आम्हाला वार्ताही नव्हती!

यावर उपाय काय, तर अगदी साधे. पिल्लाला वेळेवर औषध. विष्ठा रोजच्या रोज उचलून टाकणे, म्हणजे अंड्यांना मातीत मुरायला वेळच मिळत नाही. मुलांचा वाळूचा ढीग झाकून ठेवणे. मातीत खेळल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात. अंगणात पायांत चपला, कारण कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून कातडीत शिरतात आणि तांबडी, नागमोडी, खाजरी रेघ उमटवतात. आणि कुत्र्याला कच्चे मांस, विशेषतः बोकडाची कच्ची आतडी-काळीज, कधी न घालणे. आपल्याकडे जत्रेत, लग्नकार्यात हे सर्रास कुत्र्यापुढे टाकतात. त्यातून कुत्र्याला एक इवलासा पट्टकृमी होतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात. ही अंडी ताजी असतानाच बाधतात, म्हणून कुत्र्याला हात लावल्यावर हात धुणे हे सगळ्यांत मोठे औषध.

मांजरवाल्या वाचकांनी हसू नये. मांजरालाही गोलकृमी असतात; शिवाय तिच्या विष्ठेतून जाणारा एक सूक्ष्म जीव गरोदर बाईच्या गर्भाला घातक ठरू शकतो. मांजराची घाण रोज काढावी, आणि ते काम घरातल्या गरोदर सुनेकडे देऊ नये.

“हात धुवा, हात धुवा,” असे पशुवैद्य सांगत असताना दादा मागून म्हणाला, “हे नांदेडवाल्यांना सांगायला सोपं आहे. तुमच्या दारात गोदावरी!” त्याच्या बोलण्यात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला ती ‘जलदूत’ गाडी पहिल्यांदा आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत माझी आई तांब्या मोजून पाणी देई. पिण्याचे आधी, स्वयंपाकाचे मग, आणि हात धुण्याचे उरले तर. हात ओल्या फडक्याला पुसून माणसे ताटावर बसत. पाणी तुटले की पहिली कुऱ्हाड पडते ती हात धुण्यावर, आणि जंतांना तेवढेच हवे असते. म्हणून या रोगाबद्दल कुणाच्या घराला नाक मुरडण्याआधी, त्या घरच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे आधी विचारावे.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात चरकसंहितेचे मराठी भाषांतर आहे. कुतूहलाने मी ते उघडले. विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांचे उपचार तीन सांगितले आहेत. पहिला अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे. दुसरा प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितीत ते वाढतात ती बिघडवणे. तिसरा निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते कारणच टाळणे. सासूबाईंच्या वावडिंगालाही त्या ग्रंथात कृमिघ्नांमध्ये श्रेष्ठ मान आहे. तेव्हा मी त्यांना हसणार नाही. पण आमच्या घरी काय झाले? आम्ही तीन उपायांपैकी पहिल्याची नक्कल केली. जंताऐवजी कुत्री ओढून बाहेर काढली! कारण काय, हे शोधण्याचे कष्टच घेतले नाहीत.

आणि सगळा दोष गोडावर टाकणाऱ्या आज्यांसाठी एक शब्द, दिवाळी आहे म्हणून. गोडाने जंत होत नाहीत. जंत अंड्यांतून होतात आणि अंडी हातांवरून, नखांतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. लाडू निर्दोष आहे. लाडू वळणारा हात आणि खाणारा हात तेवढा धुतलेला असावा.

चकली गुढीपाडव्याला परत आली. येताना तिच्याबरोबर पशुवैद्यांनी लिहिलेला औषधांचा तक्ता होता. पोरीने तिला पाहिले आणि पळत जाऊन मिठी मारली. मग मध्येच थांबून, आमच्याकडे बघून, नळावर जाऊन हात धुऊन आली. ते पाहून मला भरून आले आणि ओशाळल्यासारखेही झाले. सात वर्षांच्या पोरीला मैत्रिणीच्या बाजूने केवढा पुरावा द्यावासा वाटत होता!

नेपाळात दिवाळीच्या सुमारास तिहार नावाचा सण असतो. त्यातला एक दिवस कुत्र्यांचा. त्यांना हार घालतात, कपाळाला टिळा लावतात, गोडधोड खाऊ घालतात. तो दिवस बहुधा आपल्या नरकचतुर्दशीलाच येतो. पोरीने हे कुठेतरी वाचले आणि यंदा चकलीला हार घालायचा, असे जाहीर केले आहे. थोरल्याला फुले आणायची आज्ञा झाली आहे.

परवा दसऱ्याला दादा आला होता. सोने देऊन झाल्यावर त्याने सासूबाईंना मुद्दाम विचारले, “काय आई, नेऊ का चकलीला परत लातूरला?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या अलीकडे, कलमाबरहुकूम, चकली बसली होती. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवले. त्यावर एकादशी आणि चतुर्थीच्या खुणांच्या शेजारी त्यांच्याच वळणदार अक्षरात एका तारखेपाशी लिहिले होते : ‘चकली, गोळी.’

“तिची गोळी पुढल्या आठवड्यात आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं नेऊन तारीख चुकवायलेत का?”